सावलीतल्या जागेत वेडेलिया: लावायचा कसा आणि आवरायचा कसा (मराठवाड्यातल्या काळ्या मातीसाठी)

घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधी जो चार-पाच फुटाचा सावलीचा पट्टा उरतो तिथं काय लावायचं, नाहीतर अंगणातल्या मोठ्या कडुनिंबाखाली काय लावायचं, हा प्रश्न आपल्याकडं नवीन घर बांधलेल्या प्रत्येकाला पडतो. बहुतेक जण लॉन लावतात. सिलेक्शन वन काय किंवा साधी हरळी काय, हे सगळं उन्हातलं गवत, सावलीत ते विरळ होत जातं आणि वर्षाच्या आत खालची माती दिसायला लागते. दुसरे काही जण ऑफिस टाइम नाहीतर सदाफुली लावतात, त्यांनाही ऊनच लागतं, सावलीत नुसत्या काड्या वाढतात.

अशा जागेला वेडेलिया बरा. जमिनीलगत पसरतो, बाराही महिने हिरवा राहतो, वर पिवळी फुलं येत राहतात, आणि एकदा बसला की लाड मागत नाही. पण सुरुवातीलाच सांगतो, हे झाड लावायला लई सोपं आणि आवरायला अवघड आहे. मूळचं हे मेक्सिको, कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातलं, तिथून शोभेसाठी जगभर गेलं आणि बऱ्याच देशांत बागेतून निसटून रानात घुसलं. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर आक्रमक प्रजातींची जी यादी आहे तिच्यात याचं नाव आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांमधली तिसरी पायरी (कड बांधायची) गाळून पुढं जाऊ नका, बाकी कुठं थोडं कमी-जास्त झालं तरी चालतं.

आधी हे जमवून ठेवा

कुदळ किंवा टिकाव, फावडं, खुरपं, घमेलं, दाताळं, सुतळी आणि चार खुंट्या, धारदार कात्री किंवा विळा, झारी. चांगलं कुजलेलं शेणखत, शंभर स्क्वेअर फुटाला साधारण आठ-दहा घमेली. कडेसाठी शहाबादी फरशीचे उरलेले तुकडे किंवा विटा. फांद्या आणायला ओलं पोतं. हातमोजे वापरा, विंचवाची जागा असते अशा कोपऱ्यात. एवढंच, रूटिंग हार्मोन (मुळ्या फुटायची पावडर) वगैरे कुणी विकायला लागलं तर घेऊ नका, याला गरजच पडत नाही.

१. सावली मे महिन्यात बघा, डिसेंबरात नाही

वेडेलियाला दिवसात दोन-चार तास ऊन मिळालं किंवा झाडाच्या पानांतून गाळून आलेलं ऊन मिळालं तर तो सगळ्यात छान फुलतो. अजिबात ऊन नसलेल्या बोळीत जगतो, पण लांबट होतो आणि फूल एखाद-दुसरंच. तिथं फुलांची आशा धरू नका, पानंच हवी असतील तर लावा.

आता उत्तरेकडच्या पट्ट्याची गंमत बघा. हिवाळ्यात तिथं दिवसभर सावली असते, म्हणून माणूस धरून चालतो की ही सावलीची जागा. पण आपल्याकडं मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो (पेपरात दरवर्षी येतं बघा, लातूरकडं आधी, संभाजीनगरला चार-सहा दिवसांनी), आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून जरासा उत्तरेला गेलेला असतो. म्हणजे त्याच पट्ट्यात नेमकं ४२-४३ डिग्रीच्या दिवसांत ऊन येतं, वरून भिंतीची धग. वेडेलिया ते सोसतो, पाणी मिळालं तर. मात्र तुमची जागा पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल आणि पाण्याची बोंब असेल तर हे झाड तिथं लावूच नका.

२. जागा मोकळी करा, आणि नीट करा

नवीन घर असेल तर त्या पट्ट्यात माती कमी आणि राडारोडा जास्त असतो. प्लास्टरचा चुरा, सिमेंट, विटांचे तुकडे, गवंड्यानी धुतलेली घमेली सगळं तिथंच ओतलेलं असतं. आपली काळी माती आधीच चुनखडीची, त्यात सिमेंट म्हणजे पानं पिवळी पडणार हे ठरलेलंच. वरचा सहा-आठ इंचाचा थर काढून टाका आणि शेतातली चांगली माती भरा. रोजंदारीवर माणूस लावत असाल तर स्वतः उभं राहा, नाहीतर वरची दोन इंच माती सारखी करून पैसे घेऊन जातात आणि राडारोडा खालीच राहतो.

मग शेणखत मिसळा. पूर्ण कुजलेलं पाहिजे, हातात घेतल्यावर भुसभुशीत, वास न येणारं. अर्धं कच्चं खत घातलं की हुमणीच्या अळ्या आणि रानभर तण दोन्ही फुकट मिळतात. काळी माती मोकळी करायला काही जण वाळू टाकायला सांगतात, थोड्याथोडक्या वाळूनी काहीच होत नाही, उलट माती आणखी घट्ट बसते. शेणखतच घाला. आणि वाफा आजूबाजूपेक्षा तीन-चार इंच उंच ठेवा, पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी तुंबलं की खोडं सडतात.

सगळ्यात मोठी डोकेदुखी लव्हाळा. गाजरगवत उपटता येतं, लव्हाळ्याच्या गाठी खाली राहतात आणि नंतर वेडेलियाच्या गर्दीतून वर डोकं काढतात, तेव्हा उपटायला गेलं की वेडेलियाच हातात येतो. त्यामुळं वाफा तयार केल्यावर लगेच लावू नका. पाणी सोडा, किंवा पहिला पाऊस पडू द्या, तण उगवू द्या, गाठीसकट खणून काढा, परत उगवू द्या, परत काढा. यात दोन-तीन आठवडे जातात, जाऊ द्या.

झाडाखाली लावत असाल तर हे सगळं एवढं खोल करायचं नाही. कडुनिंबाची, आंब्याची खाद्य घेणारी मुळं वरच्या थरातच असतात. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं की तोडू नका, बाजूला सरका आणि मुळांच्या मधल्या मोकळ्या जागेत खुरप्यानी छोटे खड्डे करून त्यात खत-माती भरा. बुंध्याभोवती दीड-दोन फूट जागा रिकामी ठेवा. बुंध्यावर माती चढवली की साल कुजते, हे मोठ्या झाडांबाबत लई वेळा होतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

३. कड बांधा (ही पायरी गाळायची नाही)

शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडा, सहा इंच जमिनीत, तीन-चार इंच वर. विटा असतील तर उभ्या, एकमेकींना चिकटून. वेडेलियाच्या फांद्या जमिनीवरून धावतात आणि प्रत्येक पेराच्या गाठीतून मुळी सोडतात, एकेक फांदी सहा फुटाच्या पुढं जाते. फरशी त्यांना थांबवत नाही, त्या वरून उतरतातच. पण बाहेर आलेली फांदी फरशीवर लोंबकळताना लगेच दिसते, आणि कात्री कुठून चालवायची हे तुमच्या घरच्या कुणालाही न सांगता कळतं. कड नसली की आज इकडून कापलं, उद्या तिकडून कापलं, आणि वाफा दरवर्षी हातभर पुढं सरकतो.

कडेच्या बाहेर शक्यतो फरशी, पेव्हर नाहीतर रोज पाय पडतील अशी वाट असू द्या. पलीकडं शेत, बांध, ओढा, नाला, विहिरीचा काठ असं काही असेल तर मग माझं स्पष्ट मत आहे की वेडेलिया लावूच नका. ओलीवर तो एकदा सुटला की काढणं तुमच्या हातात राहत नाही. शेतातल्या घराभोवती तर नाहीच नाही. तिथं जांभळ्या पानांचा पर्पल हार्ट लावा, त्यालाही छोटी गुलाबी फुलं येतात, तो पण गाठीतून मुळ्या धरतो पण एवढा धावत नाही.

४. रोप ओळखून आणा

नर्सरीत "वेडेलिया" म्हटलं की देतात, छोटी पिशवी साधारण १० ते २० रुपयांना. तरी बघून घ्या. पान जाडसर, चकचकीत, कडा दातेरी, टोकाकडं तीन भागांत कापल्यागत, आणि पानं समोरासमोर जोडीनं. फांदी कोवळी असताना हिरवी, जून झाली की तांबूस, हात फिरवला तर जरा खरखरीत लागते. फूल रुपयाच्या नाण्याएवढं, पिवळंधमक, प्रत्येक पाकळीच्या टोकाला बारीक खाचा.

पुणे-सोलापूर रोडच्या पट्ट्यातून किंवा आंध्रातल्या कडियमहून आलेली रोपं बऱ्याचदा लाल मातीच्या पिशवीत असतात. ती तशीच काळ्या मातीत ठेवली तर लाल मातीचा गोळा आधी सुकतो, मुळं गोळ्याच्या बाहेरच येत नाहीत, आणि बाजूची माती ओली दिसते म्हणून आपण पाणी देत नाही. पिशवी फाडली की गोळा पाण्याच्या बादलीत धरून निम्मी माती मोकळी करा, मग लावा.

खरं तर पिशव्या विकत घ्यायची गरज नाही. ओळखीत कुणाकडं तरी असतोच, आणि ज्याच्याकडं आहे तो कापून टाकायला कंटाळलेला असतो. "आत्या, तुमचा वेडेलिया छाटाल तेव्हा मला फोन करा" एवढं म्हणून ठेवा, पोतंभर फांद्या मिळतील.

एक इशारा. याला काही लोक पिवळा माका समजतात आणि केसाच्या तेलात उकळतात. औषधातला पिवळा माका याच्या जवळचा भाऊबंद आहे, दिसायलाही बराचसा सारखा, पण झाड वेगळं. वेडेलिया शोभेचाच ठेवा, काढे-तेलं करू नका. आणि छाटलेला पाला शेळ्या-गाईंपुढं टाकू नका, गाभण जनावरं याने गाभडल्याच्या नोंदी आहेत.

५. लावायची वेळ

आर्द्रा ते पुष्य, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा ते जुलै संपेपर्यंत. मृगाच्या पहिल्या सरीवर घाई करू नका, आपल्याकडं मृग बरसतो आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडं, तेवढ्यात फांद्या वाळून जातात. चांगली ओल वीतभर खाली गेली की लावा. ऑगस्टातही चालतं. परतीच्या पावसावर लावलं तर जगतं पण ऑक्टोबरच्या उन्हात झारी घेऊन उभं राहावं लागतं. फेब्रुवारी ते मे लावायचंच नाही, नर्सरीवाला काहीही म्हणू द्या.

६. लावणी

ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ धरा. फांदीचे वीतभर तुकडे करा, प्रत्येकावर तीन-चार गाठी पाहिजेत, खालचा काप गाठीच्या जरा खाली घ्या. खालच्या दोन गाठींवरची पानं काढून टाका, फुलं-कळ्या असतील तर त्याही. कापलेले तुकडे ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा.

सुतळी बांधून तिरक्या रांगा पाडा. नऊ इंचावर लावलं तर शंभर स्क्वेअर फुटाला पावणेदोनशेच्या आसपास तुकडे लागतात, फुटावर लावलं तर शंभर. फुकट मिळाले असतील तर दाट लावा, कारण जेवढं लवकर माती झाकली जाईल तेवढं खुरपणं कमी. दोन गाठी मातीत, तुकडा आडवा-तिरका, बाजूची माती बोटांनी घट्ट दाबा. उभा खोचलेला तुकडा वाऱ्यानी हलतो आणि मुळी धरत नाही. लगेच झारीनं पाणी.

आठ-दहा दिवसांत हलकेच ओढून बघा, अडकला तर मुळी धरली. पहिले दोन-तीन दिवस सगळं मान टाकतं, घाबरून रोज चिखल करू नका.

७. पहिले तीन महिने

खुरपणं. दुसरं काही नाही. पाच-सहा आठवड्यांनी फांद्या धावायला लागल्या की शेंडे खुडा, त्यामुळं बाजूनी फुटवा येतो आणि मधले टक्कल भरतात. चांगला पाऊस असला तर गणपती-नवरात्रापर्यंत बराचसा वाफा झाकलेला असतो. युरिया मारून लवकर पसरवायचा मोह होईल, पण त्याने पानंच पानं होतात आणि फूल रुसतं.

८. पाणी: कुठलं चालतं, कुठलं नाही

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं शोभेच्या झाडाला पाणी किती घालायचं हा प्रश्न आपल्याकडं चेष्टेचा नाही. पावसाळ्यात खंड पडला तरच द्या. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, पण भरपूर. रोज थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि माती भेगाळली की तुटतात. दुपारी पानं लोंबली तर लगेच पाईप सोडू नका, मेमधी दुपारी तो लोंबतोच आणि संध्याकाळी उठतो. सकाळी सातला पण मान खाली असेल तर मात्र तहान खरी.

उरलेलं पाणी वापरायचं असेल तर एसीचं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतात. कपड्यांचं शेवटच्या खळबळीचं पाणी चालतं, पहिलं साबणाचं नको. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी नको, आपल्या बोअरचं पाणी आधीच जड, त्यातले क्षार त्यात आणखी एकवटतात. आणि कूलरच्या टाकीचं पाणी तर अजिबात नको! उन्हाळाभर तेच तेच पाणी उडत राहतं, क्षार टाकीत साठत जातात (जाळीवर पांढरा थर बसतो तोच), आणि लोक टाकी धुताना ते सगळं हमखास जवळच्या वाफ्यात सोडतात. पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या की आधी कूलरची नळी कुठं सोडलीय ते बघा.

९. पानं पिवळी, जाळी, गोगलगाय

कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता, आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या पाण्यावर होणारच. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्धं लिंबू पिळून गाळून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी परत. फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत आणि घरात बोलणी बसतात ती वेगळी.

उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी आणि पानांवर धुरकट ठिपके म्हणजे लाल कोळी, पाण्याचा जोरदार फवारा खालून मारला की बहुतेक वेळा भागतं.

गोगलगायी जास्त गंभीर. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब कसे खाल्ले ते सगळ्यांना माहितीय. वेडेलियाचा दाट गालिचा ही त्यांना लपायला आयती जागा. पावसाळ्यात संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं वाफ्याच्या कडेला टाका, सकाळी उचला, खाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाका. ते पाणी वाफ्यात ओतू नका. विषारी गोळ्या मिळतात, पण घरात कुत्रं किंवा रांगणारं लेकरू असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आणि साप. हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते आणि बरोबर विचारते. वेडेलियामुळं साप येत नाही, पण फूटभर उंच, न छाटलेल्या गर्दीत तो दिसत नाही. म्हणून दारापासून, पायऱ्यांपासून दोन-तीन फूट जागा मोकळी, उंची सहा इंचाच्या आत, आणि आत विटा-लाकडं-कुंड्या टाकून ठेवायच्या नाहीत. लेकरांचा चेंडू आत गेला तर काठीनं काढायचा, हात घालायचा नाही.

१०. छाटणी आणि छाटलेल्याचं काय करायचं

मोठी छाटणी वर्षातून एकदा, जूनमधी पाऊस बसल्यावर. तीन-चार इंचावर सगळं सपाट कापा, भीतीदायक दिसतं पण तीन आठवड्यांत परत हिरवं. त्यावर मूठ-मूठ गांडूळ खत पसरा. दिवाळीनंतर हलकी छाटणी. मार्च ते मे कात्री फक्त कडेला, आतून नाही, कारण पानांची सावलीच उन्हाळ्यात मातीला सांभाळते. फेब्रुवारी-मार्चमधी कडुनिंबाची पानगळ वाफ्यावर पडते ती झाडत बसू नका, फांद्या हलवल्या की खाली जाते, तेच खत.

कडेची छाटणी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी.

छाटलेल्या फांद्या नाल्यात, रिकाम्या प्लॉटमधी, घंटागाडी आली नाही म्हणून रस्त्याच्या कडेला, कुठंही टाकायच्या नाहीत. एक गाठ ओलीवर पडली की तिथं नवीन वेडेलिया. ओल्या फांद्या कंपोस्टात टाकल्या तर खड्ड्यातच मुळ्या धरतात. स्लॅबवर किंवा पत्र्यावर पसरून कडकडीत वाळवा, हातात चुरा झाला पाहिजे, मग कंपोस्टात टाका. पावसाळ्यात ऊन नसेल तर काळ्या प्लास्टिकच्या पोत्यात बांधून ठेवा, ऊन पडलं की पोतं गच्चीवर.

११. काढायचा झाला तर

घर बदलताय, तिथं खोली बांधायचीय, किंवा नुसता कंटाळा आला. वर कापून भागत नाही. चांगल्या पावसानंतर माती मऊ असताना मुळासकट उपटा, मग दाताळ्यानं तुटके तुकडे वेचा, आणि मेमधी त्या जागेवर पाणी मारून काळं प्लास्टिक महिनाभर अंथरा, कडा मातीनं दाबून. तरीही पुढच्या पावसाळ्यात भिंतीच्या पायाशी, फरशीच्या फटीत दोन-चार कोंब निघतील. ते हाताएवढे व्हायच्या आत उपटत राहा.